मोटर बंद केल्याबद्दल आभार

आदरणीय फिजिओथेरपिस्ट मॅडम,
सप्रेम नमस्कार.

पक्षाघातानंतर माझा उजवा पाय उचलला जाई, पण चवडा लोंबत राही. तो फरशीला अडकू नये म्हणून मी कंबर वर ओढून, पाय बाहेरून फेकत चालत असे. तरीही उजव्या बुटाचे टोक झिजून आतले कापड दिसू लागले होते, आणि मला तपासण्याआधी तुम्ही तो बूटच हातात घेऊन पाहिला होता.

प्लास्टिकच्या स्प्लिंटने चवडा सावरला, परंतु घोटा एकाच कोनात जखडल्यामुळे जमीन मागे रेटून शरीर पुढे ढकलण्याचे पोटरीचे कामही अडले. तुम्ही मग बांधलेला मोटरचा ब्रेस, म्हणजे मोटरने ओढला जाणारा मऊ, कापडी आधारपट्टा, या दोन्ही गोष्टी सांभाळतो: पाय हवेत असताना चवडा वर खेचतो आणि पाऊल सुटण्याआधी टाच ओढून रेटा देतो. हार्वर्डच्या संशोधकांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत अशा मऊ, कापडी रचनेमुळे चालताना खर्च होणारी ऊर्जा सुमारे 10 टक्क्यांनी घटली, हे तुम्हीच सांगितलेत. वर, ‘त्यात रुग्ण 9च होते, हे विसरू नका’, असेही बजावलेत.

पहिल्या दिवशी मोटर क्षणभर आधीच ओढत होती आणि माझा गुडघा मागे ढकलला जात होता. यंत्र हुशार असते म्हणतात. मला ते उतावीळ वाटले. तुम्ही जमिनीवर बसून, माझी टाच नेमकी केव्हा उचलते हे पाहत ती वेळ जुळवत राहिलात, आणि पट्ट्याखालची कातडी लाल झाली नाही ना, हे दर फेरीनंतर मोजा खाली करून तपासलेत.

एवढे कदाचित इतरांनीही केले असते. दर सत्राच्या अखेरीस मोटर बंद करून चार फेऱ्या मारायला लावणे मात्र तुमचेच. पाऊल इतके छान पडत असताना हा निष्ठुरपणा कशासाठी, असे वाटून मी एकदा तुमच्यावर चिडलोही होतो, त्याबद्दल क्षमस्व. मोटर खेचू लागली की मी स्वतः रेटा देणे सोडून देतो, हे माझ्याआधी तुमच्या ध्यानात आले होते.

परवा मोटर बंद असताना मागून चालत तुम्ही म्हणालात, “आज घासल्याचा आवाज नाही.” दमल्यावर तो अजून येतोच. नवे बूट घेतले आहेत. महिन्याभराने उजव्याचे टोक पाहावे, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एक रुग्ण