अठरा वर्षांचा अबोला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत परग्रहवासीयांच्या प्रेमकथांवर लेख आलाय तो वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. लेखकाचं म्हणणं असं की माणूस आणि दुसऱ्या ग्रहावरचा जीव यांचं लग्न, त्यांना मूल, यातलं काहीच शास्त्राला धरून नाही, त्यामुळे सगळं पोरकट. मी ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवते. शास्त्राचं म्हणाल तर बरोबरच आहे, घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराची येतात ६३ आणि ते बहुतेक वेळा वांझच राहतं, इतक्या जवळच्या प्राण्यांचं हे असं तर परग्रहावरच्याशी कुठनं जुळायचं. पण गोष्ट गुणसूत्रांची नसतेच ना! आपल्या सगळ्या जातींची ४६ च आहेत, म्हणून काय लग्नं सुखानं होतात का?

मुलीनं मला लॅपटॉपवर स्टार ट्रेक या अंतराळप्रवासाच्या अमेरिकन मालिकेचा एक जुना भाग दाखवला, जर्नी टू बेबेल, १७ नोव्हेंबर १९६७ ला अमेरिकेत लागलेला. सरेक हा व्हल्कन ग्रहाचा राजदूत, बायको अमँडा पृथ्वीवरची, आणि ज्या अंतराळजहाजातनं दोघं निघालेत त्याच जहाजावर मुलगा स्पॉक अधिकारी. आपल्याकडं अक्षता पडल्या की मालिका संपते, इथं लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर गोष्ट सुरू होते. आणि बापलेक अठरा वर्षं बापलेक म्हणून बोललेले नाहीत, का तर बापाच्या मनातली सायन्स अकॅडमी सोडून मुलानं स्टारफ्लीट, म्हणजे अंतराळजहाजांचं दल, धरलं. लहानपणी बाकीची पोरं त्याला तू खरा व्हल्कन नाहीसच म्हणून छळायची, हे आई सांगते. आणि नवराबायकोचं प्रेम कसं दाखवलंय, तर चारचौघांत दोन बोटं दोन बोटांना टेकवायची. बास.

हे लागलं त्याच्या पाचच महिने आधी, १२ जून १९६७ ला, तिथल्या सुप्रीम कोर्टानं गोऱ्याकाळ्यांच्या लग्नाला बंदी करणारे कायदे रद्द केले होते, तोवर १६ राज्यांत ते चालू होते. बघणाऱ्यांना परग्रह कुठला ते बरोबर कळलं असणार.

मला मात्र सरेकच लागला मनाला. स्वतः दुसऱ्या ग्रहावरची बायको केलेला माणूस, आणि मुलानं आपली वाट धरली की हाच दार लावून घेतो. हे मी आमच्या घरात बघितलंय. माझे आजोबा साताऱ्याला रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगात शिकले. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९२४ ला तिथं बोर्डिंग सुरू केलं, सगळ्या जातीची पोरं एकत्र राहायची, एका पंगतीला जेवायची, आजोबा जन्मभर अभिमानानं सांगायचे ते. पण १९९३ ला आत्यानं जातीबाहेर रजिस्टर लग्न करायचं ठरवलं, ती तीस दिवसांची नोटीस बोर्डावर लागते ना, ती गावातल्या कुणीतरी वाचली आणि संध्याकाळपर्यंत आजोबांच्या कानावर घातली, त्या दिवसापासून अबोला तो ११ वर्षं.

तरी दर साली बेदाण्याचा हंगाम झाला की तासगावहून, आजोबांच्या घरून, आत्याकडं एक डबा यायचा, कुणा येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती, चिठ्ठी नाही काही नाही. आत्या झाकण काढून आधी वास घ्यायची. रिकामा डबा तसाच कसा पाठवायचा म्हणून धुऊन त्यात शेंगदाण्याची चटणी भरायची आणि परत द्यायची. दोन बोटं टेकवणं म्हणजे दुसरं काय असतं? या सगळ्यात हाल झाले ते आतेभावाचे, दोन्हीकडची भावकी त्याला 'तिकडचा' म्हणायची.

आजोबांना मिरजेला ॲडमिट केलं तेव्हा तो दहा वर्षांचा होता, आत्याचा पदर धरून दारात उभा. आजोबांनी आत्याकडं बघितलं नाही, त्याला म्हणाले, "जेवलास का रं?"

लेखकांना विनंती, हा एक भाग बघा आणि मग पोरकट म्हणा.

गेल्या रविवारी आत्याला लावून दाखवला. इंग्रजी तिला फारसं कळत नाही, मी मधेमधे सांगत होते. बोटांचा प्रसंग आला तशी म्हणाली, "थांब, जरा मागं घे."

आपली,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली