मध्यमेंदू सुप्त नसतोच

संपादक महोदय,

शाळांना सुट्ट्या लागल्या की ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या शिबिरांची पत्रके घरोघरी येऊ लागतात. मुलाचा मध्यमेंदू सुप्त असतो, तो आम्ही थोड्याच दिवसांत जागा करतो आणि मग मूल डोळ्यांवर पट्टी बांधूनही पुस्तक वाचते, असा त्यांचा दावा असतो. वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली असल्यामुळे हा मध्यमेंदू प्रत्यक्षात काय करतो, हे पालकांपुढे मांडणे मला आवश्यक वाटते.

प्रौढ माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा असतो. त्यात बहुतेक वाटा मोठ्या मेंदूचा. त्याच्या मागे, खालच्या अंगाला लहान मेंदू असतो आणि या दोहोंना मज्जारज्जूशी जोडणारा जो मस्तिष्कस्तंभ, त्याचा सर्वांत वरचा, जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचा भाग म्हणजे मध्यमेंदू. तो आडवा कापला की दोन्ही बाजूंना एकेक काळसर पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तिथल्या पेशी डोपामिन हे संदेशवाहक रसायन तयार करतात आणि त्या मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या की हात थरथरणे, हालचाली मंदावणे ही पार्किन्सन्सची लक्षणे दिसू लागतात. मध्यमेंदूच्या पाठीवर चार छोटे उंचवटे असतात. बाजूने काही झपकन हलले तर नजर तिकडे वळवण्याचे काम वरच्या दोहोंचे, आणि कानाकडून येणारे संदेश पुढे जातात ते खालच्या दोहोंमधून. डोळ्यांच्या बहुतेक हालचाली घडवणाऱ्या चेताही इथूनच निघतात. डोक्याला मार लागलेला रुग्ण आला की डॉक्टर आधी त्याच्या डोळ्यांत टॉर्चचा प्रकाश टाकून बाहुली आकुंचन पावते का ते पाहतात. तो मार्ग मध्यमेंदूतूनच जात असल्याने ही एका अर्थी मध्यमेंदूचीच तपासणी असते. शिवाय आपल्याला जागे ठेवणाऱ्या चेतापेशींच्या जाळ्याचा महत्त्वाचा भागही इथेच असतो. ज्या मुलाचा मध्यमेंदू खरोखर सुप्त असेल, ते शिबिराला चालत येणार नाही. ते अतिदक्षता विभागात असेल.

आता पट्टीविषयी. अक्षर दिसायचे तर त्यावरून आलेला प्रकाश दृष्टिपटलावर पडावा लागतो, तिथून दृक्‌चेतेमार्फत संदेश आत जावा लागतो आणि मोठ्या मेंदूच्या मागच्या भागात त्याचा अर्थ लागावा लागतो. मध्यमेंदूलाही दृष्टीची खबर मिळते ती याच दृष्टिपटलाकडून; त्याला स्वतःचा वेगळा डोळा नाही. पट्टी कितीही घट्ट बांधली तरी नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते आणि मांडीवरचे पुस्तक त्या फटीतून आरामात वाचता येते. ज्यांना शंका असेल त्यांनी तेच पुस्तक मुलाच्या कपाळासमोर धरून पाहावे, किंवा पोहण्याच्या चष्म्याच्या काचा आतून काळ्या कागदाने बंद करून तो मुलाला घालावा. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारे कार्यकर्ते या प्रकाराला विरोध करत आले आहेत, पण पत्रके काही थांबलेली नाहीत.

‘माणूस मेंदूचा दहा टक्केच वापर करतो’ हे वाक्य या पत्रकांत हमखास असते. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला हा अवयव विश्रांतीतही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ २० टक्के वापरतो. नव्वद टक्के भाग रिकामा बसला असता तर एवढा खर्च कशाला झाला असता? डावा आणि उजवा मेंदू जोडून देण्याची भाषाही तशीच. त्यांना जोडणारा सुमारे वीस कोटी तंतूंचा जाड पट्टा प्रत्येक निरोगी मुलात असतोच. रॉजर स्पेरी यांना १९८१ चे नोबेल मिळाले ते मेंदूच्या दोन अर्धांच्या कामांवरील संशोधनासाठी, आणि त्यांनी अभ्यासलेल्या रुग्णांमध्ये हा पट्टा अपस्माराच्या उपचारासाठी मुद्दाम कापलेला होता.

फीचे पैसे बुडतात हे दुखणे आहेच, पण मला जास्त सलते ते वेगळेच. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला फटीतून दिसत असते, समोर आईवडील कौतुकाने पाहत असतात, आणि दिसते असे म्हणण्याची सोय त्याला उरत नाही. सगळ्यांसमोर खोटे निभावून नेण्याचा हा धडा त्याला पैसे भरून दिला जातो.

शाळांनी आपली सभागृहे अशा शिबिरांना देऊ नयेत आणि वृत्तपत्रांनीही या जाहिराती छापण्यापूर्वी एखाद्या मेंदूविकारतज्ज्ञाला विचारावे, ही विनंती. वैद्यकीय महाविद्यालयांच्या शरीररचनाशास्त्र विभागांत जतन केलेले मेंदू काचेच्या बरण्यांत ठेवलेले असतात. सुट्टीतला एखादा दिवस ती संग्रहालये शाळकरी मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी खुली ठेवता येतील. दाखवून सांगायला माझ्यासारखे निवृत्त शिक्षक विनामूल्य येतील.

आपली नम्र,
शरीररचनाशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा