रविवारचा वॉक: दोनापावलाची ब्रिटिश दफनभूमी

मंडळी, रविवारी सकाळी सातला दोनापावला सर्कलपाशी भेटूया, तिथून चालतच राजभवनाच्या बाजूच्या ब्रिटिश दफनभूमीत जायचंय. पोर्तुगीजांच्या गोव्यात इंग्रजांची थडगी कशी काय हे कुणीतरी विचारणारच, तर नेपोलियनच्या युद्धांच्या काळात फ्रेंच येतील या धास्तीनं ब्रिटिश सैन्य १७९९ मध्ये गोव्यात उतरलं, काबोला (आत्ता राजभवन आहे त्या भूशिरावर) तळ ठोकला, आणि त्यातले काही परत गेलेच नाहीत. सातच का, तर कोवळ्या तिरक्या उन्हात झिजलेली अक्षरं छान उठून दिसतात, ऊन डोक्यावर आलं की संपलं. अक्षरं दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ फासायचं नाही हां, दगड खराब होतो! थडग्यांवर बसणंही नको. गवत असतं, बूट घाला. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका.