मुलांना योग शिकवायला शिकतेय

पुणे

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "सूर्यनमस्कार आपल्या घरात आप्पांपासून चालत आलेत, मग ते पोरांना शिकवायला तुला कोर्स कशाला लागतो?" तुमचं विचारणं रास्त आहे आणि दोन मिनिटांत उत्तर देण्यासारखं नाही. म्हणून हे पत्र. आई, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, तेव्हा तूच मोठ्याने वाचून दाखव.

आधी तुमची मुख्य काळजी दूर करते. नोकरी सोडलेली नाही. ऑफिसचं काम आठवड्याचे पाच दिवस चालूच आहे, कोर्स शनिवार-रविवारी असतो. मोठ्यांना शिकवण्याचा दोनशे तासांचा अभ्यासक्रम मी आधी केला होता, तो तुम्हाला माहीत आहे. त्याच्यावर मुलांसाठी वेगळं शिक्षण घ्यावं लागतं. योगा अलायन्स या अमेरिकी संस्थेच्या मानकाप्रमाणे ते ९५ तासांचं असतं. पुढे आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षाही द्यायचा विचार आहे. कागद हातात असलेला बरा, शाळा तोच आधी मागतात.

पण कागदासाठी मी हे करत नाहीये. मोठ्यांची आसनं थोडी सोपी केली की मुलांचा योग होतो, असं मलाही वाटायचं, कोर्सला येणाऱ्या बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशी वाढीचा भाग असतो, तो अजून कूर्चेचा, मऊ असतो. वय वाढेल तसा तो पक्क्या हाडाचा होत जातो. त्यामुळे लहान मुलांना डोक्यावर भार देणारं शीर्षासन शिकवायचं नाही, एका स्थितीत फार वेळ धरून ठेवायचं नाही आणि पाठीवर दाब देऊन कपाळ गुडघ्याला टेकवायचं तर मुळीच नाही. जे मूल रबरासारखं वाकतं त्याला आपण टाळ्या देतो, मंचावर पुढे उभं करतो. खरं तर त्याचे सांधे सैल असतात म्हणून ते तसं वाकतं, आणि जपावं लागतं ते त्यालाच. त्याला आणखी वाकायला नाही, ताकद लावून स्थिर उभं राहायला शिकवायचं. हे ऐकल्यापासून स्नेहसंमेलनातले योगाचे मनोरे माझ्याने बघवत नाहीत.

श्वासाचंही तसंच. मुलांचा श्वास आपल्यापेक्षा जलद चालतो. शिक्षकाने स्वतःच्या लयीत "घ्या... सोडा..." म्हटलं की पोरांना धाप लागते. श्वास रोखून धरायचं कुंभक नाही, जोरजोराने श्वास घ्यायची-सोडायची भस्त्रिका नाही. भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडायची भ्रामरी मात्र त्यांना मनापासून आवडते, वर्गभर भुंगे घुमतात. श्वास लांब सोडायला शिकवायचं तर कागदाची भिंगरी हातात द्यायची आणि ती हळूहळू फिरवत ठेवायला सांगायची. शवासनात पोटावर एखादी छोटी बाहुली ठेवली की ती वर-खाली होताना पाहण्यात मूल आपोआप शांत होतं. डोळे मिटण्याची सक्ती करायची नाही. काही मुलांना डोळे मिटले की भीती वाटते, आणि ती का वाटते हे आपल्याला माहीत नसतं.

अंगाला हात लावण्याबद्दल तर एक पूर्ण सत्र होतं. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा आम्हाला समजावून सांगितला. मुलाची स्थिती चुकत असेल तर आधी बोलून सांगायचं, मग स्वतः करून दाखवायचं आणि हात लावायचाच असेल तर "लावू का?" असं विचारायचं. मूल नाही म्हणालं तर नाही. आपल्या शरीराबद्दल आपण नाही म्हणू शकतो आणि मोठी माणसं ते ऐकतात, हा अनुभव मुलाला योगाच्या वर्गात मिळत असेल तर माझ्या मते एखाद्या आसनापेक्षा तो मोलाचा आहे.

बाबा, साताऱ्याकडच्या आपल्या औंध संस्थानच्या शाळेत राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या काळात आप्पांनी घातलेले नमस्कार तुमच्याकडे आले आणि तुमच्याकडून माझ्याकडे. राजाने स्वतः नमस्कार घालावेत आणि संस्थानातल्या शाळांमधून मुलांकडून घालून घ्यावेत, हे मी वर्गात सांगितलं तेव्हा बाहेरच्या राज्यांतून आलेले सगळे ऐकत राहिले. तुमचे ते दहा अंक, ह्रां ह्रीं ह्रूं हे बीजमंत्र, "गुडघे ताठ!" सगळं माझ्या अंगात मुरलंय आणि ते मी सोडणार नाही. फक्त अंगणात तुमच्यासमोर आम्ही दोघी बहिणी होतो, आणि दोघींना मनापासून यायचं होतं. वर्गात तीस मुलं असतात आणि निम्म्यांना यायचं नसतं.

सरावासाठी आम्हाला महापालिकेच्या एका शाळेत पाठवतात. तिथे दुसरीतला एक मुलगा दाराशी बसून राहायचा, काहीच करायचा नाही. आमच्या बाईंनी सांगितलं होतं की ओढून आणायचं नाही, बसल्या जागी एखादं काम द्यायचं. मी त्याला अंक मोजायला सांगितले. तो एक ते दहा इतक्या खणखणीत आवाजात मोजू लागला की अख्खा वर्ग त्याच्या तालावर नमस्कार घालायला लागला. काही आठवड्यांनी मोजता मोजता तो स्वतःच उभा राहिला. बाबा, त्या मोजण्यात मला तुमचाच आवाज ऐकू आला.

आई, आता तुझं. कोर्समध्ये गोष्टीतून आसनं गुंफायला शिकवतात, आणि त्यासाठी इंग्रजी पुस्तकांतली जंगल सफारी, समुद्रकिनारा असं काहीबाही देतात. मी आपल्या औंधच्या यमाई देवीचा डोंगर घेतला. दीपमाळ म्हणजे ताडासन, वाटेवरचं झाड म्हणजे वृक्षासन, पायऱ्या चढायच्या, तळ्यात मंडूकासन, बिळातून भुजंगासन, वर पोचल्यावर पर्वतासन. मुलं दोनदा डोंगर चढली आणि तिसऱ्यांदा मागू लागली. पण उतरताना म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं. तू बालवाडीत हातवारे करून म्हणवून घ्यायचीस ती गाणी मला अर्धवटच आठवतात. ती सगळी मला लिहून हवीत, हातवाऱ्यांसकट. समोर बसलेल्या मुलांना उजवा हात वर करायला सांगताना आपण डावा वर करायचा, हे इथे मुद्दाम शिकवतात. तू ते वर्षानुवर्षं करत होतीस आणि कुणी तुला त्याचं प्रमाणपत्र दिलं नाही, याचं मला फार वाटलं.

एका गोष्टीवर मात्र मी ठाम आहे. उद्या स्वतःचा वर्ग काढला तर पाटीवर "उंची वाढेल, स्मरणशक्ती वाढेल, मार्क वाढतील" असलं काही लिहिणार नाही. तसं लिहिलं तर प्रवेश भराभर होतील, ते मला दिसतंय. पण अभ्यास, शिकवणी आणि मोबाइल यांत अडकलेल्या मुलाला आठवड्यातून दोन तास कुणी मार्क न देता हलू द्यावं, श्वास घेऊ द्यावा, एवढंच मला करायचंय. त्यासाठी कमी मुलं आली तरी चालतील. घरखर्च नोकरीतून भागतो, त्याची काळजी करू नका.

बाबा, डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत नमस्कार बंद. डोळ्याच्या ऑपरेशननंतर काही आठवडे डोकं खाली घालायचं नसतं, आणि नमस्कारात ते होतंच. खुर्चीत ताठ बसा आणि खांदे, मनगटं, घोटे फिरवा. आई, तू लक्ष ठेव. ते पहाटे गुपचूप अंगणात जातील.

पुढच्या तपासणीला पुण्याला याल तेव्हा एक शनिवार जास्त राहा. शाळेतल्या बाईंना मी विचारून ठेवलंय, तुम्हा दोघांना वर्गात बसता येईल. बाबांनी अंक मोजायचे, आईने गाणं म्हणवून घ्यायचं. कधीची एसटी धरताय ते कळवा, मी स्वारगेटला घ्यायला येते.

तुमची,
ताई