बाबांच्या डॉक्टर मॅडमना, मनापासून

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

बाबांच्या रिपोर्टवर ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, ६४० आले आणि त्याच कागदावर एलडीएलच्या, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलच्या, रकान्यात आकडाच नव्हता, तेव्हा घरात सगळ्यांची झोप उडाली होती. मशीन बिघडलं असेल, दुसऱ्या लॅबमध्ये जाऊ, असंच सगळे म्हणत होते. तुम्ही मात्र कागद आमच्याकडे वळवून शांतपणे सांगितलंत की, एलडीएल बऱ्याचदा प्रत्यक्ष मोजत नाहीत, सूत्राने काढतात आणि ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर गेले की ते सूत्र चालत नाही. मग एलडीएल थेट मोजायला सांगितलंत. एवढ्यानेच अर्धी भीती गेली.

पण आभार मानायचे आहेत ते त्यानंतरच्या अर्ध्या तासासाठी. गोळी लिहून द्यायला दोन मिनिटं पुरली असती. तुम्ही कारण शोधायला बसलात. बाबा घेत असलेल्या औषधांचं एकेक पाकीट उलटून वाचलंत, कारण स्टेरॉइड आणि काही इतर औषधांनीही हा आकडा चढतो. दारूबद्दल विचारलंत तेही असं, की बाबांनी आमच्यासमोर खरं ते सांगून टाकलं. मग तीन महिन्यांची सरासरी साखर, थायरॉईड आणि किडनीच्या तपासण्या लिहून दिल्यात. थायरॉईड मंदावल्याचं त्यातच कळलं. ते मंदावलं की रक्तातली चरबी साफ व्हायचं कामही मंदावतं, हे तुमच्याकडून समजलं. तुम्ही तपासायला सांगितलं नसतं, तर ते किती दिवस तसंच राहिलं असतं कोण जाणे.

बाबांना तुमचं एक वाक्य फार पटलं: "तेल कमी कराच, पण साखरेचा हिशेब आधी." जास्तीची साखर आणि मैदा यांच्यापासून यकृत स्वतःच चरबी तयार करतं आणि रक्तात सोडतं, फळांचा रसही त्यातच धरायचा, हे ऐकून ते चकित झाले. 'तेलकट खात नाही, मग हे आलं कुठून?' या त्यांच्या प्रश्नाला पहिल्यांदाच सरळ उत्तर मिळालं. दारू पूर्ण बंद, रोज न चुकता चालणं आणि वजन थोडं जरी उतरलं तरी आकड्यात फरक पडतो, हेही तुम्ही न ओरडता सांगितलंत. घरचे सांगतात तेव्हा त्याचं भांडण होतं, तुम्ही सांगितलंत तेव्हा बाबांनी वही काढून लिहून घेतलं.

आणि आईला बाजूला बसवून जे सांगितलंत, ते आम्ही कधी विसरणार नाही. ट्रायग्लिसराइड्स ५०० च्या वर असले की स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते, आकडा हजाराच्या पुढे गेला तर फारच. म्हणून पोटात वरच्या बाजूला जोरात दुखून कळ पाठीकडे गेली, उलट्या झाल्या, तर ॲसिडिटी समजून घरी थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं. आईला नेमकं कशावर लक्ष ठेवायचं ते कळलं, त्यामुळे तिची उगाचची घालमेल थांबली.

थायरॉईडची गोळी, तुम्ही नंतर विचार करून सुरू केलेलं फेनोफायब्रेट हे ट्रायग्लिसराइड्स उतरवणारं औषध आणि बदललेलं खाणं, या सगळ्यानंतर परवाचा आकडा २१० आला आहे. १५० च्या आत यायचं अजून बाकी आहे, याची बाबांना पूर्ण जाणीव आहे. थेट मोजलेल्या एलडीएलचा रिपोर्टही सोबत आणतो. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, लागेल का, हे त्यावरून ठरवू असं तुम्ही म्हणाला होतात.

मॅडम, तुमच्या दाराबाहेर किती गर्दी असते ते आम्ही पाहिलं आहे. त्या गर्दीतून तुम्ही आमच्यासाठी वेळ काढलात, याबद्दल आम्ही सगळे तुमचे फार फार ऋणी आहोत.

तुमची कृतज्ञ,
तुमच्या एका पेशंटची मुलगी