गणित सोडायच्या आधी

ओम बाळा,

तुझा मेसेज वाचला, डिझाईनच करायचंय तर गणित कशाला, बारावीला सोडून देतो म्हणतोस. बाबा चिडलेत, मी नाही चिडले. पण दिवाळीतला तो घागरा आठवतोय का? कंबर २६, फुल अंब्रेला म्हणजे पूर्ण गोल कापायचा, आणि मी घाईघाईत २६ ला ३.१४ ने भागून सव्वाआठ इंचाची त्रिज्या धरली आणि कात्री चालवली. कंबर निघाली ५२ ची, दोन बायका मावतील एवढी, साडेचार मीटर कापड वाया. तू नुसता बघून म्हणालास, आई ६.२८ ने भागायचं होतं, त्रिज्या जेमतेम सव्वाचार. मी तेव्हा तुला ओरडले वर.

परवा ताईने मोबाईलवर दाखवलं, इस्से मियाके नावाची जपानी कंपनी, तिथे दाई फुजिवारा म्हणून डिझायनर होता, त्याने २०१० च्या मार्चमध्ये पॅरिसला जे कपडे दाखवले ते चक्क एका गणितज्ञाच्या कल्पनेवर. विल्यम थर्स्टन, अमेरिकेचा, १९८२ चं फील्ड्स मेडल, म्हणजे गणितातला फार मोठा मान, मिळालेला. त्याचं म्हणणं असं की तीन मितींचे आकार कितीही वेडेवाकडे असले तरी त्यांचे तुकडे पाडले की भूमिती आठच प्रकारच्या निघतात. ते पुढे पेरेलमन नावाच्या रशियन माणसाने सिद्ध केलं, आणि बक्षीस दिलं तर घेतलं नाही (असलं डोकं मला परवडणार नाही बाबा). आठ भूमिती मला काय कळणार, पण त्या कपड्यांचे पीळ आणि घड्या बघून वाटलं अरे हे तर आपलंच काम आहे.

म्हणजे बघ, संत्र्याचं साल टेबलावर सपाट दाबलं की फाटतंच. कापडाचं उलटं, ते मुळात सपाट, त्याला गोलाई द्यायची तर कुठेतरी चिमटीत धरून कमी करावं लागतं, तेच आपले टक्स. आणि कडेला जास्तीचं कापड घातलं की लाटा येतात, ती झालर. मी २० वर्षं हेच करतेय, फक्त त्याला वक्रता म्हणतात हे ताईने सांगितलं.

बरं ऐक, समोरच्या काकूंच्या मुलीचा घागरा आलाय, कंबर ३०, हाफ अंब्रेला, म्हणजे अर्धाच गोल. रात्री फोन करून त्रिज्या सांग, तोपर्यंत मी कात्री लावत नाही.

आई