फ्लक्सचा हिशोब जुळवून देणाऱ्या ताईला

ताई,

तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. त्या दिवशी नुसतं "थँक्यू ताई" म्हणून पळाले, कारण कधी एकदा कोड दुरुस्त करते असं झालं होतं, म्हणून आज नीट बसून लिहितेय आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण मी जिथे अडकले होते तिथे अजून कुणीतरी आत्ता अडकलेलं असणारच.

मी फायनाइट एलिमेंट पद्धतीने, म्हणजे वस्तूचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडून, एका प्लेटमधलं तापमान काढत होते. प्लेटमध्ये १०० वॅट उष्णता तयार होत होती आणि कडा ठराविक तापमानाला धरलेल्या, म्हणजे तापमान स्थिर झाल्यावर (स्टेडी स्टेटला) कडांवरून १०० वॅटच बाहेर पडायला हवेत. तापमान छान येत होतं. पण कडेच्या प्रत्येक त्रिकोणी एलिमेंटमधला ग्रेडियंट (तापमानाचा उतार) घेऊन, कंडक्टिव्हिटीने (उष्णता वाहून नेण्याच्या क्षमतेने) गुणून फ्लक्स, म्हणजे वाहणारी उष्णता, काढला आणि कडेभर बेरीज केली की ८७ वॅट. मेश, म्हणजे एलिमेंटची जाळी, दुप्पट बारीक केला तर ९३ च्या आसपास. उरलेली उष्णता जाते कुठे? आठवडाभर बग शोधला, बग नव्हताच.

तुम्ही माझा कोड उघडलासुद्धा नाहीत. एवढंच विचारलंत, "अगं, रिअ‍ॅक्शन काढल्यास का?" आणि माझा चेहरा बघून कागद ओढलात. एक मीटरचा दांडा, दोन्ही टोकं शून्य तापमानाला, कंडक्टिव्हिटी आणि क्षेत्रफळ १, आणि दांड्यात सगळीकडे सारखी मिळून १ वॅट उष्णता तयार होतेय. प्रत्येक टोकातून अर्धा वॅट जाणार हे तर न गणित करताही दिसतं. मग फक्त दोन लिनिअर (तापमान सरळ रेषेत बदलणारी) एलिमेंट घ्यायला लावलीत. मधल्या नोडचं (एलिमेंट जिथे जुळतात त्या बिंदूचं) तापमान ०.१२५ आलं, अगदी तंतोतंत बरोबर, पण एलिमेंटचा उतार ०.२५, म्हणजे टोकाचा फ्लक्स खऱ्याच्या निम्मा! चार एलिमेंटला ०.३७५, आठला ०.४३७५. मेश दुप्पट बारीक केला की चूक फक्त निम्मी होते, आणि माझ्या प्लेटमध्ये अगदी हेच चाललं होतं.

मग म्हणालात, "बाउंडरी कंडिशन, म्हणजे टोकांचं ठरलेलं तापमान, लावताना टोकाच्या नोडची जी ओळ तू खोडतेस ना, तुझा फ्लक्स त्या ओळीत आहे." स्टिफनेस मॅट्रिक्सची (नोडच्या तापमानांच्या समीकरणांच्या तक्त्याची) ती मूळ ओळ तापमानांशी गुणली, उणे ०.२५ आले, त्यातून त्याच नोडच्या वाट्याला आलेला लोड (तिथे तयार होणारी उष्णता) ०.२५ वजा केला, उणे ०.५, म्हणजे अर्धा वॅट बाहेर; हीच ती रिअ‍ॅक्शन. दोनच एलिमेंट आणि उत्तर पूर्ण बरोबर! मी ते तीनदा करून पाहिलं. आणि हा योगायोग नाही हेही तुम्हीच दाखवलंत: शेप फंक्शनची (नोडच्या तापमानांवरून मधलं तापमान काढणाऱ्या फलनांची) बेरीज सगळीकडे १ असते, त्यामुळे सगळ्या ओळी एकत्र केल्या की स्टिफनेसचा भाग शून्य होतो आणि उरतो तो फक्त सोर्स (आत तयार होणारी उष्णता), म्हणून रिअ‍ॅक्शनची बेरीज मेश कितीही जाडाभरडा असला तरी सोर्सइतकीच येणार. घरी येऊन मॅट्रिक्सची कॉपी बाउंडरी कंडिशन लावायच्या आधीच बाजूला ठेवली आणि बेरीज केली, १०० वॅट आले, राउंड-ऑफपुरताच फरक. त्या रात्रीचा आनंद मला इथे लिहिता येत नाहीये.

अजून एक गोष्ट तुम्ही जाता जाता सांगितलीत, ती मला तेव्हा कळली नव्हती. एलिमेंटच्या उताराचा तो ०.२५ खोटा नव्हता, मी तो चुकीच्या जागी वाचत होते. पहिल्या एलिमेंटच्या बरोबर मध्यावर खरा फ्लक्स ०.२५ च आहे. बार्लो यांनी १९७६ मध्ये अशा जागा दाखवल्या, चौकोनी क्वाड्रॅटिक एलिमेंटला त्या २ बाय २ गॉस पॉइंटवर (इंटिग्रेशनसाठी घेतलेल्या ठराविक बिंदूंवर) येतात, आणि झिएनकिविच आणि झू यांनी १९९२ मध्ये मांडलेली पॅच रिकव्हरी (पॅच म्हणजे नोडभोवतीच्या एलिमेंटचा गट) याच जागांवरच्या किमतींमधून नोडवरचा फ्लक्स बांधते. म्हणजे आत फ्लक्स कसा पसरलाय ते हवं असेल तर ही रीत, आणि कडेवरून एकूण किती गेला ते हवं असेल तर रिअ‍ॅक्शन. मी दोन्ही एकाच आकड्यातून काढायला बघत होते.

आणि तांबं-पोलादाच्या जोडावर दोन्ही बाजूंच्या फ्लक्सचं अ‍ॅव्हरेज करू नकोस म्हणालात, त्यामुळे पुढचा एक महिना वाचला. जोडाला काटकोनात जाणारा फ्लक्स दोन्हीकडे सारखा, पण जोडाच्या कडेकडेने जाणारा कंडक्टिव्हिटीच्या प्रमाणात उडी मारतो, आणि ती उडी खरी असते, ती गुळगुळीत करून टाकली तर आपणच चूक घालतो. आता प्रत्येक मटेरियलचे पॅच वेगळे ठेवते.

ताई, काल वेळेनुसार बदलणारी केस चालवली आणि हिशोब परत जुळेना. या वेळी कागद घेतला, तुमचाच दांडा काढला आणि तासाभरात सापडलं: रिअ‍ॅक्शनमध्ये उष्णता साठण्याचा भाग, म्हणजे कपॅसिटी मॅट्रिक्स गुणिले तापमान बदलण्याचा वेग, घालायचाच राहिला होता. तो घातला आणि प्रत्येक टाइम स्टेपला बेरीज जुळली. हे तुम्हाला सगळ्यात आधी सांगायचं होतं.

खूप खूप आभार, ताई.